‘आई, मला इथं मित्र मिळालाय’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की माझी नोकरीची २४ वर्षं रिमांड होममधल्या, म्हणजे आताच्या निरीक्षणगृहातल्या, मुलांसोबत गेली, आधी काउन्सेलर म्हणून आणि नंतर प्रोबेशन ऑफिसर म्हणून. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की मी दोन दिवस नुसती वाचतच बसले. म्हणून या वेळी परीक्षा, मार्क, मोबाइल सगळं बाजूला ठेवते आणि हीच पत्रं घेते. लिहिणाऱ्यांची नावं, गावं काढून टाकलीयत. मुलांची नावं छापायला कायद्यानंच बंदी आहे, आणि नसती तरी मी छापली नसती.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. दहावीनंतर शिकला नाही, दोन पोरांच्या नादानं मोटरसायकल चोरली आणि पकडला गेला. आज २२ दिवस झाले निरीक्षणगृहात आहे. त्याचे वडील नाहीत, मी चार घरची धुणीभांडी करते. वकील म्हणतात बेल होईल पण माझे दीर म्हणतात राहू दे दोन महिने, डोकं ठिकाणावर येईल. मी भेटायला गेले तर मला वाटलं रडेल, घरी ने म्हणेल, तर तो म्हणाला आई मला इथं मित्र मिळालाय. मॅडम माझ्या पोटात गोळाच आला. तो मित्र मारामारीच्या केसमधला आहे. आधीच संगतीनं वाटोळं झालं त्यात ही आणखी एक संगत. दोघांना वेगळं ठेवा असं साहेबांना सांगू का?

ताई, तुम्ही प्रश्न एक विचारलाय पण पत्रात दोन आहेत. न विचारलेला आधी घेते कारण त्याला उशीर करून चालणार नाही.

दिरांचं ऐकू नका. बेल मागा. २०१५ चा जो बाल न्याय कायदा आहे त्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय मानलाय. कलम १२ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला जामीन द्यायचा हाच नियम, आणि नाकारायचा असेल तर बाल न्याय मंडळाला कारण लिहून द्यावं लागतं. कारणंही ठरलेली आहेत: बाहेर पडला तर गुन्हेगारांच्या हाती लागेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडल्यामुळे न्यायाचं कामच बिघडेल. ‘डोकं ठिकाणावर यावं’ असं कारण त्या कायद्यात कुठेही नाहीये. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई असतेच, त्यांच्यासमोर बोलायला घाबरू नका. वकिलाची फी जड जात असेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा, मुलांना तिथून वकील मोफत मिळतो. आणि प्रोबेशन ऑफिसर तुमच्या घरी चौकशीला येतील तेव्हा घर कसं दिसतं याची लाज बाळगू नका, मी शेकडो घरांत अशी गेलेय, आम्ही भांडी मोजत नाही. आम्हाला बघायचं असतं की तुम्ही कामाला गेल्यावर हा पोरगा कुणाच्या नजरेखाली असेल. शेजारची मावशी, त्याचा मामा, गॅरेजवाला कुणी, जो कोणी त्याला सांभाळून घेणार असेल त्याला त्या दिवशी घरी बोलावून ठेवा.

आता संगतीचं. साहेबांना सांगू नका. निदान लगेच नका सांगू, आधी मी सांगते ते ऐका.

पहिली रात्र कशी असते तुम्हाला माहीत नाही आणि तुमचा मुलगाही सांगणार नाही. नवीन पोरगं येतं ते संध्याकाळी, पोलिस ठाण्यातून, मंडळासमोरून, दिवसभर उपाशी. ताट पुढे येतं, खात नाही. मोठी पोरं विचारतात ‘कशात आलास?’ म्हणजे कुठल्या केसमध्ये, आणि त्याला कळत नाही खरं सांगायचं की फुशारकी मारायची. रात्री दिवा बंद झाल्यावर तोंडावर चादर ओढून रडतं. त्या रात्री त्याच्याजवळ मी नसते, साहेब नसतात, तुम्हीही नसता. शेजारच्या सतरंजीवर दुसरं एक पोरगं असतं, बस.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. १४ वर्षांचा एक मुलगा आला होता, अंगानं बारका, सगळे त्याला बारक्याच म्हणायचे. दुकानातून पैसे उचलले होते. तो झोपेत अंथरूण ओलं करायचा. अशा ठिकाणी हे कळलं तर पोराचं काय होतं याची कल्पना करा. पण महिना झाला तरी कुणीच चिडवेना, मला नवल वाटायचं. मग आमचे रात्रपाळीचे काका होते त्यांनी सांगितलं, मॅडम पहाटे पाचला, सगळे उठायच्या आत, तो सतरा वर्षांचा दांडगा पोरगा आहे ना, ज्याला आपण सगळे टरकून असतो, तो बारक्याची चादर मागच्या नळाला धुतो आणि टाकीमागे वाळत घालतो. मी त्या मोठ्याला बोलावलं आणि विचारलं, का रे करतोस हे. तो बराच वेळ जमिनीकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, ‘माझी पण ओली व्हायची. बाप त्यावरनंच मारायचा.’

ताई, त्या मुलाशी मी पाच महिने बोलत होते. घरचं विचारलं की गप्प. माझ्या फाइलमध्ये त्याच्या वडिलांबद्दल एक ओळ नव्हती. ती ओळ मला बारक्याच्या चादरीमुळे मिळाली. त्यानंतर तो हळूहळू बोलायला लागला, रागाबद्दल, सुऱ्याबद्दल, आईबद्दल. पण आधी बारक्याशी बोलला, मग माझ्याशी.

आणि इथं माझ्या हातून चूक झाली. तेव्हा आमच्याकडे समज होती की दोन मुलं फार जवळ आली की गट होतो, गट झाला की पळून जायचा प्लॅन होतो. मला वरून विचारलं गेलं आणि मी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायला सही केली, म्हणजे तुम्ही आज जे मागताय तेच मी केलं. बारक्या चार दिवस धड जेवला नाही. मोठ्यानं एका कर्मचाऱ्यावर हात उगारला आणि मी त्याच्या फाइलवर ‘वर्तन बिघडले’ असं लिहिलं. मग तेच काका पुन्हा माझ्या टेबलासमोर आले. म्हणाले, ‘मॅडम, त्याची चादर आता कुणी धुवत नाही. तो ओल्यातच झोपतो.’ मी त्याच दिवशी दोघांना परत एकत्र आणलं आणि फाइलवरची ओळ खोडून कारण लिहिलं. पण ते चार दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत, तुम्हाला लिहिताना पण डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून सांगते, मित्र मिळाला या वाक्याला लगेच घाबरू नका. तुमच्या मुलाला बाहेर जी संगत होती तिथं त्याला काहीतरी करून दाखवावं लागत होतं, धाडस, पैसा, गाडी. आत दाखवायला काही उरलेलं नसतं, सगळ्यांचं सगळं उघड झालेलं असतं, आणि तिथं जर कुणी जवळ आलं तर ते बहुतेक वेळा तुमच्या पोराच्या रडण्याजवळ आलेलं असतं. आपण मोठी माणसं त्याला भेटलो की का केलंस, कसं केलंस, पुढे काय करणार, नुसते प्रश्न. तो दुसरा पोरगा विचारत नाही कारण त्याला माहीत असतं.

सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. दादागिरी चालते. कपडे धुवून घेणं, ताटातलं काढून घेणं, त्याहून वाईटही. कायद्यानं वय, तब्येत, मनाची स्थिती आणि गुन्ह्याचं स्वरूप बघून मुलांना वेगवेगळं ठेवायचं असतं पण जागा कमी पडते तेव्हा ते नीट होतंच असं नाही. म्हणून पुढच्या भेटीला गेलात की केसबद्दल विचारू नका, मित्राबद्दल विचारा. तो काय खेळतो, कशावर हसता तुम्ही, रात्री काय बोलता. मुलगा भरभरून सांगायला लागला तर निर्धास्त व्हा. मित्राचं नाव काढल्यावर इकडेतिकडे बघायला लागला, अंगावर वळ दिसले, चप्पल गेली, शर्ट गेला आणि कुठं गेला ते सांगता येईना, तर मात्र त्याच दिवशी अधीक्षकांना भेटा, त्यांनी ऐकलं नाही तर मंडळाला लेखी द्या, आणि त्यात लिहा की मला उत्तर लेखी हवंय. आणि मारणारा जर कर्मचारी असेल तर शिस्तीसाठी मारलं ही सबब चालत नाही, संस्थेत मुलाला मारणं हाच गुन्हा आहे.

आणि एक करा ताई. त्या दुसऱ्या मुलाला भेटायला कुणी येतं का ते विचारा. येत नसेल तर पुढच्या वेळी तुमच्या मुलाला सांगा, त्याला म्हणावं माझ्या आईनं तुला विचारलंय.

प्रश्न : माझ्या मुलाचा आठवा वाढदिवस आम्हाला रिमांड होममध्ये साजरा करायचाय, केक आणि जेवण द्यायचंय. पण बायको म्हणते तो मुलांचा तुरुंग असतो, लहान मुलाला तिथं न्यायचं का? तुमचं मत काय?

तुरुंग नव्हे. पण तुमच्या बायकोची समजूत अगदी हवेतून आलेली नाही. आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात तशीच झाली, माहीमला डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची, तेव्हा रस्त्यावरच्या आणि शिक्षा झालेल्या पोरांना धंदा शिकवून सुधारायचं ही कल्पना होती. १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल कायदा, १९२४ चा मुंबई मुलांचा कायदा, असं करत करत आपण आजच्या कायद्यापर्यंत आलो. आजच्या कायद्यात आरोपी, अटक, रिमांड, शिक्षा असले शब्दच या मुलांसाठी वापरायचे नाहीत. ‘रिमांड होम’ हा शब्दही कागदावरून गेलाय, आता निरीक्षणगृह म्हणायचं, चौकशी चालू असेपर्यंत. चौकशी पूर्ण झाल्यावर मंडळाला वाटलं तर विशेष गृह, तेही जास्तीत जास्त ३ वर्षं. लोकांच्या तोंडी मात्र रिमांड होमच राहिलंय आणि मीही तेच बोलते, सवयीनं.

मुंबईत उमरखाडीला डोंगरीचं निरीक्षणगृह आहे. ती वास्तू खरोखर जुन्या तुरुंगाची. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, १०१ दिवस होते ते याच डोंगरीच्या तुरुंगात. दोघंही २६ वर्षांचे, दोघं मित्र. मी एकदा कामानिमित्त तिथं गेले होते आणि त्या जाड भिंतीला टेकून दोन पोरं एका बशीतला चहा निम्मा निम्मा पीत होती. मला तेव्हा टिळक-आगरकरांचीच आठवण आली, त्या १०१ दिवसांत एकमेकांशिवाय त्यांचं काय झालं असतं असं वाटलं.

तुमच्या वाढदिवसाचं विचाराल तर नका करू. जेवण द्या, जरूर द्या, अधीक्षकांना विचारून द्या. पण ज्या मुलाला स्वतःचा वाढदिवस आईशिवाय काढावा लागलाय त्याला दुसऱ्याच्या मुलाच्या केकसमोर टाळ्या वाजवायला उभं करणं मला पटत नाही, आणि मग त्यांचे फोटो काढले जातात, तो तर सरळ गुन्हा होऊ शकतो. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर दर पंधरा दिवसांनी एक तास जा. परवानगी घ्या, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसमधून मिळते. कॅरम खेळा. हार्मोनियम येत असेल तर शिकवा, मोबाइल रिपेअरिंग येत असेल तर ते. एकदा केक घेऊन गेलेला माणूस मुलांच्या लक्षात राहत नाही. सहा महिने दर दुसऱ्या शनिवारी येणारा राहतो, त्याची ती वाट बघतात, त्याच्या नावानं भांडतात की आज काकांच्या टीममध्ये मी.

प्रश्न : मी नववीचा वर्गशिक्षक आहे. वर्गातला एक मुलगा तीन महिने निरीक्षणगृहात राहून परत आलाय. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या नावानिशी मेसेज फिरतायत, काहीजण मुख्याध्यापकांना म्हणतात त्याचा दाखला काढून द्या. मी कचाट्यात सापडलोय.

सर, सगळ्यात आधी ग्रुपवर स्वतः लिहा की हे मेसेज काढून टाका. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं, पेपरात काय आणि दुसऱ्या कुठल्या माध्यमात काय, यासाठी ६ महिने कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे एकदा नीट शब्दांत टाकलंत की अर्धे लोक गप्प होतील. दाखल्याचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना सांगा की मुलाला नव्यानं सुरुवात करता यावी हे कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलंय, आणि शाळेनं दाखला हातात दिला की हा मुलगा जाणार कुठं, तर त्याच चौकात जिथून तो उचलला गेला. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, मी कितीतरी मुलांना बसवलंय, पण तो ज्याच्यासमोर सगळे दरवाजे बंद झालेत त्याच्यासाठी. तुमचा दरवाजा अजून उघडा आहे.

वर्गात त्याच्याबद्दल भाषण करू नका. ‘आपला मित्र परत आलाय, त्याला समजून घ्या’ वगैरे काही नको, त्याला जमिनीत गाडल्यासारखं होईल. फक्त बाकावर एकटा बसू देऊ नका. पूर्वी त्याच्याशी कोण बोलायचं ते तुम्हाला माहीत असेल, त्या मुलाला बाजूला घ्या आणि त्याच्याच बाकावर बसशील का विचारा. एक पुरतो. चाळीस मुलांनी आपलं म्हणावं लागत नाही.

प्रश्न : माझी भाची १५ वर्षांची, एका मुलाबरोबर पळून गेली होती. सापडल्यावर घरी जायला नको म्हणाली म्हणून समितीनं तिला मुलींच्या बालगृहात ठेवलंय. माझा भाऊ म्हणतो ती मेली आम्हाला. मी तिची आत्या, मी तिला माझ्याकडे आणू शकते का? आणि ती मला म्हणाली इथल्या मुली चांगल्या आहेत, मला नाही यायचं. खरंच असं असेल की तिला कुणी पढवलंय?

तुमची भाची गुन्ह्यात नाहीये हे आधी भावाला सांगा. तिच्यासाठी बाल न्याय मंडळ नसतं, बालकल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. ती ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. अठराच्या आत मुलीची संमती कायदा धरत नाही त्यामुळे त्या मुलावर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याखाली केस झाली असेल, आणि त्यावरून घरात जे काही बोललं गेलं असेल ते तिच्या कानावर गेलं असेल. तुम्ही समितीकडे अर्ज करा की मी आत्या आहे, मी सांभाळायला तयार आहे. समिती तुमच्या घराची चौकशी करून घेईल, मुलीला विचारेल आणि मग ठरवेल. नातेवाइकाकडे देता येतं.

तिला कुणी पढवलं नसेल. मुलींच्या होममध्ये मी पाच वर्षं होते. घरात जिला चार महिने सगळे एकच विचारतात, त्याच्याबरोबर कुठं राहिलीस, काय काय झालं, तिला तिथं पहिल्यांदा कुणीतरी वेणी घालताना विचारतं की तुला आवडतं काय. रात्री दोघी तिघी एका चादरीखाली बोलत बसतात, त्यातली एक लग्न मोडून पळालेली असते, एक कामाच्या घरून पळालेली, एकीला तर आईनंच नेऊन सोडलेलं. तुमच्या भाचीला तिथं कळलं असेल की आपण एकटीच वाईट नाही आहोत, खरं तर वाईटच नाही आहोत. तिला घाई करू नका. अर्ज द्या, पण दर आठवड्याला नुसत्या भेटायला जा, घरी चल म्हणू नका. तिच्या मैत्रिणींची नावं पाठ करा. माझा अनुभव असा की ज्या दिवशी ती मैत्रिणीला हाताला धरून घेऊन येते आणि सांगते ही माझी आत्या, त्या दिवसापासून तिच्या मनात तुमचं घर सुरू होतं.

प्रश्न : मॅडम मी २० वर्षांचा आहे. १६ चा असताना केस झाली, मी ११ महिने विशेष गृहात होतो. आता वेल्डिंगचं काम करतो, कंपनीत पर्मनंट व्हायचा चान्स आहे पण पोलिस व्हेरिफिकेशन लागेल म्हणतात त्याचं टेन्शन आहे. दुसरी गोष्ट अशी की तिथं माझा एक मित्र झाला. आम्ही दोघं किचन ड्युटीला असायचो, मी चपात्या लाटायचो तो भात वाढायचा. मला रात्री झोप यायची नाही तर तो त्यांच्या गावातल्या बैलांची नावं सांगत बसायचा, कुठला बैल कुणाचा, कसा होता, मी ऐकता ऐकता झोपायचो. आता तो उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे. मला त्याला बोलवायचंय. मामा म्हणतात तो आला तर मी येणार नाही, सोयरे विचारतील कोण हा कुठला, सगळं बाहेर येईल. मामांनीच मला सुटल्यावर कामाला लावलं, त्यांना दुखवता पण येत नाही. मी तर आता त्याचा फोन पण बाहेर जाऊन घेतो.

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

व्हेरिफिकेशनचं आधी सांगते म्हणजे ते डोक्यातून जाईल. कलम २४ म्हणतं की मुलाच्या हातून गुन्हा झाला आणि कायद्याप्रमाणे त्याचं सगळं पार पडलं तर त्या शिक्षेमुळे पुढं त्याला कुठल्याही बाबतीत अपात्र ठरवता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद आहे, सोळाच्या वरचा मुलगा अत्यंत गंभीर गुन्ह्यात असेल आणि बाल न्यायालयानं त्याला मोठ्या माणसासारखं चालवायचं ठरवलं असेल तर. तू ११ महिने विशेष गृहात राहून आलास म्हणजे तुझं बहुतेक मंडळासमोरच झालंय, तरी ऑर्डरची कॉपी काढून ठेव आणि वकिलाला दाखव. संपलेल्या केसची माहिती पोलिसांनी कॅरेक्टर सर्टिफिकेटसाठी द्यायची नाही हेही कायद्यात लिहिलंय. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतली एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, लहानपणच्या केसवरून नोकरी अडवली होती, निकाल त्या उमेदवाराच्या बाजूनं लागला. काही अडलं तर ज्या मंडळासमोर तुझी केस चालली तिथं जा आणि रेकॉर्ड नष्ट केल्याची नोंद माग, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील यात मदत करेल.

आता मित्र.

मामा वाईट नाहीत. त्यांनी तुला उभं केलं आणि आता ते ज्या गोष्टीनं तू पडलास तिचा वासही घरात येऊ नये म्हणून दार लावून बसलेत. त्यांच्या डोक्यात तुझा मित्र त्या ११ महिन्यांचाच एक तुकडा आहे. त्यांना हे माहीतच नाही की त्या ११ महिन्यांत तुला झोप कुणामुळे लागली. तू सांगितलं आहेस का त्यांना कधी? मला वाटतं नाही. घरातल्यांना आपण आत काय सोसलं ते सांगत नाही, त्यांना त्रास होईल म्हणून, आणि मग ज्यानं ते सोसायला हात दिला त्याचंही नाव राहून जातं.

मी सुटलेल्या मुलांच्या मागे बरीच वर्षं फिरले. माझं ते कामच होतं, सुटल्यावर घरी जाऊन बघायचं, कामाला लागला का, परत कुठं अडकला का. काही मुलं परत अडकली, खोटं कशाला सांगू, आणि त्यातली काही आतल्याच ओळखीमुळे अडकली. एकानं कामाला लावतो म्हणून नेलं आणि तिसऱ्या आठवड्यात दोघं ठाण्यात. म्हणून मी कुणालाही डोळे झाकून सांगत नाही की आतला मित्र धर. पण माझ्या डोळ्यांसमोर तो दुसराही एक मुलगा आहे ज्यानं सुटल्यावर सगळं तोडलं. गाव बदललं, नंबर बदलला, नोकरी चांगली लागली, लग्न झालं. घरात, शेजारी, कामावर एकही माणूस असा नाही ज्याला त्याची सगळी गोष्ट माहितीये. मला तीन वर्षांनी बस स्टँडवर भेटला आणि तिथंच उभ्या उभ्या पाऊण तास बोलत राहिला, त्याची गाडी गेली, दुसरी गेली, तरी थांबेना. कधी कुणाशी हे बोललोच नाही म्हणाला.

तुझा मित्र काम करतो, दर रविवारी फोन करतो, तुझ्याकडे पैसे मागत नाही, तुला कुठं चल म्हणत नाही. तू तसं काही लिहिलं नाहीस म्हणून मी धरून चालते. असलंच तर मला परत लिही. नसेल तर तो फोन बाहेर जाऊन घेऊ नकोस. घरात घे, मामांसमोर घे. त्यांना ऐकू दे तुम्ही काय बोलता ते, ट्रॅक्टरचं टायर आणि उसाचा भाव आणि त्याच्या आईचे गुडघे. दोन तीन रविवार गेले की मामांना त्याचा आवाज ओळखीचा होईल.

मग एका संध्याकाळी मामा जेवून निवांत बसलेले असताना त्यांना बैलांचं सांग. केस, मंडळ, गृह यातलं काही नको, नुसतं बैलांचं. मला झोप येत नव्हती मामा, आणि हा मला अशी अशी नावं सांगायचा. त्यातली दोन चार नावं तुला अजून आठवत असतील, ती पण सांग. आणि सोयऱ्यांनी विचारलं कोण हा, तर माझा मित्र म्हणायचं. एवढंच उत्तर पूर्ण आहे, खरं आहे, आणि लग्नघरात पुढे कुणाला वेळ नसतो. बहिणीलाही विचार. लग्न तिचं आहे, आणि मला का कोण जाणे वाटतंय की तिला तुझ्या या मित्राबद्दल मामांपेक्षा जास्त माहिती आहे.

मामा तरीही नाही म्हणाले तर लग्नाच्या दिवसावरून घरात भांडण करू नकोस, हळदीला बोलव किंवा आदल्या दिवशी मांडवाच्या कामाला. मे महिन्यात उसाचा सीझन संपलेला असतो, त्याला वेळ असेल. पण माझा अंदाज आहे मामा नाही म्हणणार नाहीत. पत्रिकेवर त्याचं नाव तुझ्या हातानं लिही, टाकू नकोस पोस्टात, स्वतः नेऊन दे. आणि मामांना म्हणावं पंगतीला वाढायला माणसं कमी पडतातच, भात तो वाढेल, त्याला सवय आहे.